जुन्या यंत्रांचा जीर्णोद्धार

भंडारा शहराची ख्याति पितळेच्या भांड्यांबद्दल आहे. आणि ज्या गांवीं भांडीं घडतात, त्या गांवीं जुन्या भांड्यांचें काय करावें हा प्रश्नहि रोजचाच असतो. त्याला पूर्वापार दोन उत्तरें आहेत. भांडें अंगानें शाबूत असेल तर त्याला कल्हई करावी, बारीकसें भोंक पडलें असेल तर डाख लावावा, कीं तें पुन्हां चुलीवर चढतें. दुसरें उत्तर मोडीचें. भांडें तराजूंत टाकावयाचें, पितळेचा भाव करावयाचा, आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किंमतींतून वजा करून घ्यावयाची. या व्यवहारांत कोणाचें नुकसान होतें असें वरकरणी दिसत नाहीं, कारण मोडींत गेलेलें पितळ नाहींसें होत नाहीं. तें आटून दुसरें रूप घेतें. नाहींसा होतो तो भांड्याचा घाट, त्यावर कोरलेलें नांव, आणि तें कोणत्या कासारानें कोणत्या रीतीनें घडविलें ही माहिती. तराजूला या तिन्ही गोष्टींचें वजन कळत नाहीं.

कल्हई आणि मोड या दोन वाटा भांड्यांपुरत्याच नाहींत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या देशानें एका निराळ्या प्रकारचीं यंत्रें घडविलीं, वापरलीं आणि बाजूस सारलीं. तीं यंत्रें म्हणजे संगणक. त्यांतल्या जुन्या संगणकांना पुन्हां चालते करण्याची एक विद्याच आतां परदेशांत उदयास आली आहे. ती विद्या काय आहे, तिला कशाची गरज लागते, आणि आपल्या इतिहासाशीं तिचा संबंध कोठें पोहोंचतो, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

एका वर्षाच्या दोन घटनांपासून आरंभ करूं. भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या पवनी येथें १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं मिळून उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पति जोशी यांच्या देखरेखीखालीं जगन्नाथ टेकडीच्या पोटांतून दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप प्रकाशांत आला. कठड्याच्या दगडांवर दात्यांनीं ब्राह्मी अक्षरांत कोरविलेले लेख वाचले गेले, प्रत्येक थराची नोंद झाली, आणि १९७२ पर्यंत त्याचा सविस्तर वृत्तांतहि छापून निघाला. त्याच १९६९ सालच्या जानेवारींत मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत डॉ. विक्रम साराभाई यांच्या हस्तें टीडीसी-१२ या यंत्राचें उद्घाटन झालें. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. भारतांत आंखलेला आणि भारतांतच बांधलेला हा पहिला लघुसंगणक होय. एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वींची कृति मातींतून काळजीपूर्वक वर येत होती, दुसरीकडे एक नवी कृति जन्मास येत होती. दोन हजार वर्षांच्या कृतीचे थर आम्हीं मोजले. पन्नास वर्षांच्या कृतीचे कोण मोजणार, हा प्रश्न मात्र अद्याप ऐरणीवर आलेला नाहीं.

लघुसंगणक, म्हणजे ज्याला लोक मिनिकॉम्प्युटर म्हणत, हें नांव आजच्या वाचकास थोडें फसवील. आपल्या खिशांतील टेलिफोनच्या मानानें तो मुळींच लघु नव्हता. तो पुरुषभर उंचीच्या कपाटांत, आणि पुढें पुढें एखाद्या मोठ्या ट्रंकेएवढ्या पेटींत मावे. पण त्याच्या आधींचे संगणक अख्खी खोली व्यापीत. त्यांना थंड हवा लागे, अखंड वीज लागे, आणि देवळांतल्या पुजाऱ्यांप्रमाणें राखणारा एक सेवकवर्ग लागे. सामान्य संशोधकास गाभाऱ्यांत प्रवेश नसे. ही स्थिति पालटण्याचें श्रेय मुख्यतः एका कंपनीस द्यावें लागतें. १९५७ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, मेनार्ड नांवाच्या लहानशा गांवीं, लोकरीच्या जुन्या गिरणीच्या इमारतींत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तिनें १९६५ मध्यें पीडीपी-८ हें यंत्र १८,००० डॉलरांस विकावयास काढलें. त्याचा एक शब्द १२ बिटांचा, म्हणजे होय-नाहींच्या बारा खुणांचा असे, आणि त्याची स्मृति अवघ्या ४,०९६ शब्दांची होती. आजच्या मापानें हें कांहींच नव्हे. परंतु प्रयोगशाळेंतील एकटा मनुष्य त्या यंत्रासमोर बसून, त्याच्या तोंडावरील खटके आपल्या हातांनीं वरखालीं करून त्याशीं बोलूं शकत होता. ही क्रांति गतीची नव्हती. ती अधिकाराची होती.

१९७० मध्यें त्याच कंपनीनें पीडीपी-११ हें १६ बिटांचें यंत्र आणलें, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची कल्पना त्यांतच पूर्णत्वास गेली. ती समजण्यासाठीं यंत्राचें झांकण उघडून आंत पाहिलें पाहिजे. आंत पुस्तकांच्या फडताळांत पुस्तकें उभीं असावीं तसे विद्युन्मंडलांचे बोर्ड उभे असतात. कांहीं बोर्ड मिळून गणित करणारा प्रोसेसर होतो, कांहीं बोर्डांवर स्मृति असते, कांहींचें काम टंकयंत्राशीं किंवा तबकडीशीं संभाषण करण्याचें. हे सारे बोर्ड मागच्या बाजूस ज्या फळीच्या खांचांत रोंवलेले असतात, तिला बॅकप्लेन म्हणतात. फळीच्या पाठीवर सोनेरी टोकांच्या शेंकडों खिळ्या असून त्या खिळ्यांवर बारीक तारा गुंडाळून एक खांच दुसरीशीं जोडलेली असते. बोर्ड हे यंत्राचे अवयव असतील, तर बॅकप्लेन हा त्याचा कणा होय.

पीडीपी-११ च्या कर्त्यांनीं असें ठरविलें कीं, सगळ्या अवयवांनीं एकाच सामाईक वाटेनें बोलावें. त्या वाटेस त्यांनीं युनिबस असें नांव दिलें. तिच्या ५६ तारा. प्रत्येक तारेवर कोणता संकेत, कोणत्या क्षणीं, किती दाबाचा असावा याचे नियम लिहून ठेवलेले. जो बोर्ड हे नियम पाळील तो त्या यंत्रांत चालेल, मग तो कोणत्याहि कारखान्यांत बनलेला असो. बोर्डाच्या या गुणास सुसंगति म्हणतात. वस्तुतः हा एक लेखी करार आहे. पुण्याचा मनुष्य नागपूरच्या रुळांवरून जातो तो कांहीं तेथील रूळ पुण्यास घडले म्हणून नव्हे. दोन रुळांमधील अंतर सर्वत्र एकच ठेवण्याचें ठरलेलें आहे म्हणून. या करारामुळें मूळ कंपनीखेरीज इतरांनींहि स्मृतीचे व तबकडीचे बोर्ड बनवून विकले. पश्चिमेकडून ज्या देशांना असीं यंत्रें मिळण्यास राजकीय बंदी होती, त्यांनीं तर करार वाचून सबंध यंत्रेंच उभीं केलीं. हंगेरींत बुडापेस्ट येथील भौतिकी संशोधन संस्थेनें १९६८ मध्यें पीडीपी-८ शीं सुसंगत असा टीपीए-१००१ बनविला. सोव्हिएट रशियाच्या गोटांत एसएम-४ हीं यंत्रें पीडीपी-११ च्या आज्ञा समजत असत. मूळ कंपनी १९९८ मध्यें दुसऱ्या कंपनीच्या पोटांत गेली. तिनें लिहिलेला करार मात्र आजहि पाळला जातो.

भारताची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. र. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण अभियंत्यांनीं टिफ्रॅक हा संगणक बांधला, आणि तो १९६० च्या फेब्रुवारींत रीतसर कामास लागला. त्यांत सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याचा शब्द ४० बिटांचा आणि स्मृति २,०४८ शब्दांची होती. त्याचें बारसें १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं केलें. पण नांव ठेवलें जात असतांनाच त्याचा काळ सरत आला होता. जगांत नलिकांची जागा ट्रान्झिस्टरांनीं घेतली होती, आणि १९६४ मध्यें त्याच संस्थेंत अमेरिकन साहाय्यानें सीडीसी-३६०० हा फार मोठा संगणक आला. टिफ्रॅकनें शिकविलेले धडे मात्र वायां गेले नाहींत. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर विद्युत्कणशास्त्रांत आपण किती परावलंबी आहोंत हें उघड झालें, आणि १९६३ मध्यें डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. भाभा १९६६ च्या जानेवारींत विमान-अपघातांत निवर्तले. त्यांच्या समितीचा अहवाल मात्र त्याच वर्षीं पुढें आला. १९६७ मध्यें हैदराबाद येथें इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि ट्रॉम्बेस आंखलेलीं यंत्रें तेथें बनूं लागलीं. टीडीसी-१२ च्या पाठोपाठ टीडीसी-३१२, आणि १९७५ च्या सुमारास १६ बिटांचा टीडीसी-३१६ असा हा वंश वाढला. १९७१ पासून १९७८ पर्यंत या कंपनीनें सुमारे शंभर संगणक विकले; त्यांतले बहुतेक सरकारी प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत गेले.

या आंकड्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पीडीपी-८ कुळांतील यंत्रें पन्नास हजारांवर खपलीं; पीडीपी-११ कुळांतील सुमारे सहा लक्ष. आमचीं सुमारे शंभर. यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. परकीय चलनाची टंचाई, सुट्या भागांची वाण आणि बाजारपेठेचा अभाव या स्थितींत शंभर यंत्रें उभीं राहिलीं हेंच कौतुकाचें. परंतु जतनाच्या दृष्टीनें या दोन आंकड्यांमधील अंतर फार बोलकें आहे. सहा लक्षांपैकीं हजार यंत्रें भंगारांत गेलीं तरी वंश बुडत नाहीं. शंभरांतलें एक गेलें कीं शंभरावा हिस्सा गेला, आणि त्याबरोबर उरलेल्या नव्याण्णवांना उसने मिळूं शकणारे बोर्डहि गेले.

मोडींत जाऊं पाहणारीं यंत्रें चालतीं ठेवण्याचा अनुभव आपणांस नव्हता असें मात्र नाहीं. उलट तो विपुल होता. आयबीएम कंपनीचा १४०१ हा संगणक १९५९ मध्यें जाहीर झाला, आणि अमेरिकेंत तो जुना होऊन परत येऊं लागला तेव्हां तसे वापरलेले संगणक मुंबईच्या कारखान्यांत दुरुस्त व साफसूफ करून कंपनी भारतांतील गिऱ्हाइकांस भाड्यानें देऊं लागली. परदेशानें टाकून दिलेला माल आमच्या गळ्यांत बांधला जातो अशी टीका पुढें झाली, आणि ती निराधार नव्हती. तथापि त्याच व्यवहारांत शेंकडों भारतीय तंत्रज्ञ जुनें यंत्र उकलणें, जुळविणें आणि नीट चालविणें ही विद्या शिकले. १९७३ च्या परकीय चलन कायद्याखालीं भांडवलांतील आपला हिस्सा कमी करण्यास कंपनीनें नकार दिला आणि १९७८ मध्यें तिनें भारतांतून गाशा गुंडाळला. तिचीं यंत्रें मात्र रेल्वे, गिरण्या, विमा आणि सरकारी कचेऱ्या यांमध्यें तशींच उभीं होतीं. त्यांची देखभाल करण्यासाठीं १९७५ मध्येंच काढलेली कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन पुढें सरसावली. मूळ कंपनीचे कांहीं माजी नोकरहि स्वतंत्र संस्था काढून त्याच कामास लागले. निर्माता निघून गेला, तरी यंत्रें थांबलीं नाहींत. आपल्या संगणकविद्येच्या इतिहासांत या पराक्रमाला मिळावें तसें स्थान मिळालेलें नाहीं, कारण नवें घडविणाऱ्याचें नांव होतें. जुनें टिकविणाऱ्याचें होत नाहीं. कल्हईवाल्याचें नांव भांड्यावर कोण कोरतो?

आतां जीर्णोद्धाराची प्रत्यक्ष रीति पाहूं. वीस-तीस वर्षें अडगळींत पडलेला लघुसंगणक हातीं आला, तर पहिला नियम असा कीं त्याला वीज देऊं नये. उत्साही मनुष्य येथेंच घात करतो. वीजपुरवठ्याच्या पेटींत मोठाले संधारक असतात. त्यांच्या आंतील ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा पातळ थर न वापरल्यानें झिजतो, आणि एकदम पूर्ण दाब दिल्यास ते फुटतात. म्हणून त्यांना थोड्या थोड्या दाबाची संवय तासन्‌तास लावावी लागते, जसें लंघन घडलेल्या रोग्यास आधीं पेज देतात. सगळे बोर्ड बाहेर काढून, त्यांच्या जागीं केवळ भार म्हणून रोधक जोडून, पुरवठा योग्य दाब देतो कीं नाहीं हें पाहावयाचें. मग बॅकप्लेनची पाळी. शेंकडों खिळ्यांपैकीं एखादी वांकून शेजारणीस टेंकली असेल, एखादी तार उंदरानें कुरतडली असेल, तर तेथेंच सारा खेळ संपतो. म्हणून भिंग घेऊन एकेक खिळी तपासावयाची. बोर्डांच्या सोनेरी कडा हलक्या हातानें पुसावयाच्या. त्यानंतर केवळ प्रोसेसर, थोडी स्मृति आणि पुढच्या खटक्यांची पाटी एवढेंच जोडून प्रथम वीज द्यावयाची.

यापुढचें काम वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखें आहे. खटक्यांनीं एक आंकडा स्मृतींत ठेवावयाचा आणि तोच परत वाचून दिव्यांवर पाहावयाचा. बारापैकीं अकरा दिवे बरोबर लागले आणि एक विझलेलाच राहिला, तर त्या एका बिटाचा मार्ग आलेखावर बोटानें शोधीत जावयाचा, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्या त्या ठिकाणची विद्युल्लहर पाहत जावयाचें, तों शेवटीं एखादी चिप सांपडते, जी एका बाजूनें ऐकते पण दुसऱ्या बाजूनें बोलत नाहीं. ती काढून तिच्या जागीं दुसरी डाख देऊन बसवावयाची. त्या काळची स्मृति लोहचुंबकी कड्यांची असे. मण्यांहूनहि लहान अशा कड्या तारांच्या जाळींत ओंवलेल्या. वीज गेली तरी तिच्यांतील मजकूर पुसला जात नाहीं. त्यामुळें कधीं कधीं असें घडतें कीं, दशकांपूर्वीं कोणी तरी शेवटचा चालविलेला कार्यक्रम तसाच आंत सांपडतो. पवनीच्या दगडावरील दानलेखाहून तो वेगळा कसा म्हणावा?

अशा रीतीनें कॅलिफोर्नियांतील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम या संग्रहालयांत पीडीपी-१ हा संगणक २००४ आणि २००५ या दोन वर्षांत पुन्हां चालता केला गेला. १४०१ या यंत्राचा जीर्णोद्धारहि तेथें २००४ मध्यें सुरू झाला. या कामांत मुख्यतः निवृत्त अभियंते होते. ज्यांनीं तरुणपणीं तीं यंत्रें आंखलीं किंवा दुरुस्त केलीं, तेच पांढऱ्या केसांनीं पुन्हां त्यांच्याभोवतीं जमले. तीन गोष्टी जुळून आल्या म्हणून हें शक्य झालें: सुटे भाग होते, छापील आलेख होते, आणि ते वाचूं शकणारीं माणसें हयात होतीं. या तिन्हींतील पहिली गोष्ट पैशानें मिळते. दुसरी कोणी सांभाळली असेल तरच मिळते. तिसरी काळाच्या ताब्यांत आहे.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. प्रोसेसरचा बोर्ड बदलला, स्मृति बदलली, जुन्या तबकडीच्या जागीं तिचें सोंग घेणारा आजच्या घडणीचा इवलासा बोर्ड बसविला, तर तें यंत्र जुनें राहिलें कसें? याचें उत्तर मला सतारींत सांपडतें. तारा बदलल्या म्हणून सतार नवी होत नाहीं. पडदे बदलले तरी नाहीं. पण दांडी आणि भोपळा दोन्हीं बदलले, तर ती जुनी सतार आहे असें कोणी म्हणूं नये. यंत्राची दांडी म्हणजे बॅकप्लेन आणि त्यावरील करार. तो शाबूत असेल, आणि नवा बोर्ड त्या कराराचें तंतोतंत पालन करीत असेल, तर यंत्र तेंच. मात्र जीर्णोद्धारकानें पुरातत्त्वज्ञांचा एक दंडक पाळला पाहिजे. कोणता दगड मूळचा आणि कोणता आतां बसविला हें पाहणाऱ्यास ओळखूं आलें पाहिजे. बदललेला प्रत्येक भाग नोंदावा, काढलेला भाग टाकूं नये. ही नोंद नसेल तर जीर्णोद्धाराला केवळ डागडुजी म्हणावें लागेल.

दुसरा आक्षेप याहून रोखठोक आहे. मुलांच्या हातांतील टेलिफोन जें काम क्षणांत करतो, तें हीं धुडें दिवसभरांत करणार नाहींत. मग ही उठाठेव कशाला? याला व्यवहाराचें एक उत्तर आहे. २०१३ मध्यें कॅनडांतून असें वृत्त आलें होतें कीं, तेथील अणुवीज केंद्रांतील यंत्रसामग्री पीडीपी-११ संगणकांवर चालते, आणि तीं चालविणारे जाणकार २०५० पर्यंत लागणार आहेत. पण मला अधिक महत्त्वाचें वाटतें तें उत्तर निराळें आहे. त्या टेलिफोनच्या पोटांतील कार्यप्रणालीचें कूळ शोधीत गेलें तर तें युनिक्सपाशीं पोहोंचतें. आणि युनिक्स व सी ही भाषा वाढली ती पीडीपी-११ वर. आजच्या टेलिफोनचें झांकण उघडून त्याचें कार्य डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. कोट्यवधि ट्रान्झिस्टर नखाएवढ्या चिपेंत दडलेले असतात. लघुसंगणकांत मात्र एक आज्ञा कोठून निघाली, कोणत्या बोर्डावरून कोणत्या तारेनें गेली, कोठें अडली, हें विद्यार्थ्यास बोटानें दाखवितां येतें. मनुष्यानें बुद्धीचें काम यंत्राकडून कसें करवून घेतलें, हें समजून घेण्याची ही अखेरची पायरी आहे जी माणसाच्या हाताच्या मापाची होती.

आणि आपल्यापुरतें बोलावयाचें तर, ट्रॉम्बेच्या यंत्रांत जगापुढें मिरविण्याजोगा वेग नसला तरी निर्णय आहेत. कोणता भाग परदेशांतून आणावा आणि कोणता येथें बनवावा, उकाड्यांत आणि विजेच्या लपंडावांत यंत्र कसें टिकवावें, कोठें दुसऱ्याची वाट धरावी आणि कोठें आपली निराळी काढावी, हे सारे निर्णय त्या बोर्डांवर लिहिलेले आहेत. सरकारी अहवाल हेतु सांगतात. बोर्ड काय साधलें तें सांगतो. इतिहासकारास दोन्हीं साधनें हवीं.

परंतु बोर्डांचा वैरी त्यांच्याच अंगावर असतो. त्यांच्या कडांवर सोन्याचा पातळ मुलामा दिलेला असतो, आणि भंगारवाल्यास त्याची पुरी ओळख असते. एखाद्या कचेरींतील किंवा महाविद्यालयांतील यंत्र बंद पडलें कीं जडसंग्रहाच्या वहींत त्यापुढें शेरा पडतो. सरकारी नियमांत अशा मालाचें वर्णन करण्यास तीन शब्द आहेत: निरुपयोगी, कालबाह्य, अतिरिक्त. या तीन शब्दांत इतिहास बसत नाहीं. मग निर्लेखन, मग लिलांव, मग तराजू. कोणी अपराध करीत नाहीं. प्रत्येक जण नियम पाळतो. आणि शेवटीं आम्ल ओतून बोर्डावरील सोनें काढलें जातें आणि उरलेलें फेंकलें जातें. भांड्याच्या मोडींत निदान पितळ तरी पुन्हां भांडें होतें.

युनिबसच्या रचनेंत एक बारीकशी गोष्ट आहे, जी या सबंध विषयाचें मर्म सांगते. यंत्राच्या एखाद्या अवयवास प्रोसेसरचें लक्ष हवें असलें कीं तो विनंति करतो, आणि प्रोसेसर परवानगी सोडतो. इतर संकेत सर्व खांचांना एकदमच पोहोंचतात, पण ही परवानगी तशी जात नाहीं. ती एका खांचेंतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत अशी हातोहात जाते. ज्यानें मागितली असेल तो ती ठेवून घेतो, ज्याला नको तो पुढें देतो. मधली एखादी खांच रिकामी राहिली तर साखळी तेथेंच तुटते, आणि पलीकडचे सारे अवयव, स्वतः निर्दोष असूनहि, मुके राहतात. म्हणून रिकाम्या खांचेंतहि एक छोटी पट्टी बसवावी लागते. तिच्यावर प्रोसेसर नसतो, स्मृति नसते. चार तारांच्या रेघा असतात. ती कांहीं गणित करीत नाहीं. आलेलें पुढें देणें एवढेंच तिचें काम. यंत्र चालत नाहीं म्हणून हताश झालेल्या कित्येक जीर्णोद्धारकांना अखेर एवढीच पट्टी कमी असल्याचें आढळलें आहे.

विद्येची परंपरा अशीच चालते. टिफ्रॅक बांधणाऱ्यांची पिढी गेली किंवा जात आहे. टीडीसीचे बोर्ड ज्यांनीं तपासले, आयबीएम गेल्यावर ज्यांनीं रात्री जागून यंत्रें चालूं ठेवलीं, ते आज सत्तरीच्या पुढें आहेत. मुंबईपुण्यांत आहेत, नागपुरांत आहेत, कांहीं मुलांजवळ परदेशीं आहेत. त्यांच्या माळ्यांवर देखभालीच्या पुस्तिका, आलेखांच्या गुंडाळ्या, कदाचित् एखाददुसरा बोर्डहि असेल. घर रंगवितांना हीच अडगळ प्रथम रद्दींत निघते. ज्या घरांत असा मनुष्य असेल, त्या घरच्या मंडळींनीं त्याच्याकडून प्रत्येक वस्तूचें नांव व उपयोग लिहून घ्यावा. ज्या महाविद्यालयाच्या कोठींत असें यंत्र असेल, तेथील अध्यापकांनीं शेरा पडण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें काढावीं, बोर्डांची जागा आणि क्रमांक टिपावे, आणि कोणताहि बोर्ड मुळच्या खांचेंतून विनाकारण उपटूं नये. यंत्र चालतें करणें सर्वांस जमणार नाहीं, आणि जमलें पाहिजे असेंहि नाहीं. अर्धवट ज्ञानानें वीज देण्यापेक्षां कोरड्या खोलींत झांकून ठेवणें शंभरपट बरें. पुढचा जाणकार येईपर्यंत तें वाट पाहूं शकतें.

रिकाम्या खांचेंतील त्या पट्टीपाशीं प्रतिभा नाहीं, कीर्ति तर नाहींच. पण ती जागेवर असली कीं पलीकडच्यांपर्यंत शब्द पोहोंचतो. आमच्या पिढीनें संगणक शोधला नाहीं आणि बांधलाहि नाहीं. आम्हीं तो तयार झालेला पाहिला. बांधणारे आमच्या एका बाजूस आहेत, विचारणारे दुसऱ्या बाजूस यावयाचे आहेत, आणि मधली खांच आमची आहे.